घरी जोडलेला डेस्कटॉप मधेच हँग होतो: कोकणातल्या घरात दोष कसा शोधायचा

कधीही, कुठलंही काम चालू असताना अचानक अडकणारा डेस्कटॉप हा दुरुस्तीतला सर्वांत चिवट प्रकार. पूर्ण बंद पडलेल्या मशीनचा दोष लवकर सापडतो. हे मशीन मात्र दुकानात नेलं की दिवसभर छान चालतं आणि घरी आणलं की रात्री पुन्हा अडकतं. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ इथे दुरुस्तीची दुकानं आहेत, हाताला चांगली माणसंही आहेत. पण त्यांच्या टेबलावर तुमच्या घरची वीज नसते, तुमच्या खिडकीतून येणारा खारा वारा नसतो, आणि पुष्कळदा दोषाचं मूळ तिथेच असतं. म्हणून हा तपास घरीच करायचा असतो. तो कुणालाही जमण्यासारखा आहे, फक्त सबुरी हवी.

दोन नियम शेवटपर्यंत पाळा. सुटा भाग विकत घेण्याआधी मशीन कशा तऱ्हेने अडकतं ते ओळखा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, केबलही बदलली आणि हँग होणं थांबलं, तर नेमकं कशामुळे थांबलं ते कळत नाही. दोन महिन्यांनी ते परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी बॅकअप, मग वही

अडकलेलं मशीन पॉवरचं बटण दाबून धरून बंद करावं लागतं आणि दर वेळी फाइली बिघडण्याचा धोका असतो. त्यामुळे तपासाला हात घालण्याआधी फोटो, हिशेब, मुलांच्या शाळेची कामं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क मशीनपासून काढून बाजूला ठेवा. दोष डिस्कमध्येच निघाला तर नंतर ही संधी मिळेलच असं नाही.

मग एक वही घ्या, कागदाची. मशीन अडकलं की लगेच लिहा: तारीख, वेळ, काय चालू होतं, सुरू करून किती वेळ झाला होता, माउस हलत होता का, आवाज चालू होता का, आणि घरात त्या क्षणी काय घडलं. पंप लागला, फ्रिज सुरू झाला, लाइट गेली आणि आली, इन्व्हर्टरवर होतं, बाहेर पाऊस होता की कडक ऊन. शेवटच्या नोंदी फालतू वाटतील. आपल्याकडे त्याच सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात.

अडकण्याची तऱ्हा ओळखा

मशीन अडकलं की लगेच बटण दाबू नका. पाच मिनिटं थांबा आणि बघा. वायरचा की-बोर्ड लावलेला असेल तर कॅप्स लॉक दाबा, त्याचा दिवा लागतो-विझतो का ते पाहा.

दिवा बदलत नाही, माउस जागच्या जागी, स्पीकरमधून एकच तुकडा घुर्र करत अडकलेला: हा पक्का हँग. प्रोसेसरपासून सगळंच थांबलंय. संशय वीज, रॅम, प्रोसेसरचं व्होल्टेज आणि मदरबोर्ड यांच्यावर.

माउस हलतो पण क्लिक केलं तर काही उघडत नाही, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला, आणि मिनिटभराने सगळ्या खिडक्या एकदम उघडतात: ही डिस्क किंवा तिची केबल.

स्क्रीन काळी पण गाणं चालूच: ग्राफिक कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा मॉनिटरची केबल. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. बीप होऊन चित्र परत आलं तर ड्रायव्हर अडकला होता.

अडकत नाही, थेट रीस्टार्ट होतं: वीज, एसएमपीएस (भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारी कॅबिनेटमधली पेटी), अती तापणं, क्वचित कॅबिनेटचं रीसेट बटण आतून चिकटलेलं.

फक्त रिकामं पडून असताना अडकतं, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असताना नाही: ही खूण महत्त्वाची आहे. प्रोसेसर झोपेच्या अवस्थेत जाताना होणारा घोटाळा असू शकतो, त्यावर पुढे लिहिलंय.

यानंतर विंडोजची स्वतःची नोंद बघा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं शोधलं की दिवसवार आलेख उघडतो, त्यात लाल फुल्या दिसतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टिम' या भागात हँग व्हायच्या आधीची पाच मिनिटं वाचा. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद हमखास सापडेल आणि पुष्कळ जण ती बघून एसएमपीएस बदलायला निघतात. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. बटण दाबून बंद केलंत तरी ती येणारच. खरा माग देणाऱ्या नोंदी वेगळ्या. डिस्कच्या नावाने ७, ५१ किंवा १५३, अथवा स्टोरेज ड्रायव्हरच्या नावाने १२९ असेल तर डिस्ककडे वळा. डिस्प्लेच्या नावाने ४१०१ म्हणजे ग्राफिक ड्रायव्हर. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' असं दिसलं तर हार्डवेअरने स्वतः चूक नोंदवली आहे. तिथे रॅम, प्रोसेसर आणि बायोसच्या (मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग तपासायच्या.

विंडोज की हार्डवेअर, याचा निकाल लवकर लावायचा तर एक फुकटचा उपाय आहे. पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट यांपैकी एक लिनक्स टाका, आतली डिस्क केबलसकट काढून ठेवा आणि मशीन त्या पेन ड्राइव्हवरून नेहमी अडकायला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ चालवा. तिथेही अडकलं तर विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस आणि डिस्क एका फटक्यात बाद. नाही अडकलं तर शोध त्यांच्यातच घ्यायचा. विंडोज नव्याने टाकण्यात रविवार घालवण्याआधी हे करा.

भिंतीपासून सुरुवात

शहरातली मार्गदर्शनं रॅमपासून सुरू होतात. कोकणात मी भिंतीवरच्या प्लगपासून सुरू करायला सांगेन. वाडीला शेवटच्या टोकाला असलेलं घर, लांबून झाडांतून आलेली वायर, संध्याकाळी उतरणारा विजेचा दाब (व्होल्टेज), आणि ऐन मे महिन्यात कोरडी पडलेली अर्थिंग. यातलं काहीही मशीन अडकवू शकतं आणि तपासायला लागतो फक्त एक मल्टिमीटर.

पहिलं माप: फेज आणि न्यूट्रल. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा, त्यात दहा टक्के खालीवर धरले तर २०७ ते २५३. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मोजा, वहीत लिहा. मग एसएमपीएसवरचं लेबल वाचा. त्यावर १००–२४० असेल तर दाब उतरल्याचा त्याला फारसा त्रास नाही. २००–२४० लिहिलेलं असेल तर संध्याकाळचे १८० व्होल्ट त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत.

गुहागरकडच्या एका सुपारीच्या बागेतल्या घरात हेच झालं होतं. मशीन सकाळी आणि सूर्य कलल्यावर अडकायचं, मधल्या वेळात कधीच नाही. वहीत बागेला पाणी सोडण्याची वेळ आणि अडकण्याची वेळ शेजारी शेजारी आल्या तेव्हा विहिरीवरच्या पंपावर नजर गेली. त्याच बोर्डाच्या दुसऱ्या प्लगमध्ये मल्टिमीटर धरून ठेवला आणि पंप लावायला सांगितला. आकडा २१२ होता, पंपाने उचल खाल्ली त्या क्षणी १७१ वर आला आणि मग १९८ वर स्थिरावला. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्याचा हा खड्डा. लेबल २००–२४० चं. शिवाय घरच्या इन्व्हर्टरचं मागचं बटण यूपीएसवर नव्हतं, त्यामुळे तो खड्डा जसाच्या तसा मशीनपर्यंत पोचत होता. बटण सरकवलं आणि पंप लागताना अडकणं तिथेच थांबलं. एसएमपीएस पुढे सवडीने बदलला.

ते बटण जवळजवळ सगळ्या घरगुती इन्व्हर्टरला मागच्या बाजूला असतं आणि ते कशासाठी आहे ते बसवणारा सांगतोच असं नाही. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर दाब थोडा उतरला की लगेच, साधारण १० मिलिसेकंदांत, बॅटरीवर जातो. दुसऱ्या मोडमध्ये तो खूप कमी दाबही चालवून घेतो आणि बदलायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लावतो. पंखे-दिव्यांना ते चालतं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, त्यामुळे संगणकाला ते चालत नाही. इन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही नवे एसएमपीएस त्यावर कुरकुर करतात, कधी बंदच पडतात. तपासापुरतं मशीन काही दिवस इन्व्हर्टर टाळून थेट लाइनवर चालवून बघा. लाइन भरवशाची नसेल तर वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि थकलेल्या बॅटरीचा यूपीएस लाइट गेल्यावर मशीन थेट पाडतो, हेही लक्षात ठेवा.

दुसरं माप: अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? टेस्टर लावला तर पेटतो का? एसएमपीएसच्या आत लाइनमधला कचरा गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्रा जवळजवळ निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून झटका मोठा बसत नाही. पण यूएसबी, एचडीएमआय, नेटवर्कची वायर, केबल टीव्हीची वायर यांतून तो वाट शोधतो. प्रिंटर लावला की अडकतं, पेन ड्राइव्ह लावताना अडकतं, अशा तक्रारी यातून येतात.

फेज–अर्थ हे माप फेज–न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं आणि न्यूट्रल–अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत. न्यूट्रल–अर्थ दहा-वीस दिसलं तर वायरमनला बोलवा. डिजिटल मीटर कमकुवत अर्थिंगलाही चांगला आकडा दाखवू शकतो, म्हणून अनुभवी वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून त्याचा उजेड बघतात. हे काम त्यांनाच करू द्या. घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो या तपासणीत ट्रिप होणारच.

आपली जमीन जांभ्याची. सड्यावर किंवा उतारावर घर असेल तर पावसाचं पाणी झरझर निघून जातं आणि एप्रिल-मेपर्यंत अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा होतो. पावसाळ्यात नीट असणारं मशीन उन्हाळ्यात अडकतं यामागे हे कारण असू शकतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी ओल हवीच. उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी ओता. तारेची खालची जोडणीही बघून घ्या, खाऱ्या हवेत ती गंजून सुटलेली सापडते. एक गोष्ट मात्र कुणी सुचवली तरी करू देऊ नका: प्लगच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडणे. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट जिवंत होतं आणि माणूस मरू शकतो.

कॅबिनेट उघडल्यावर

मशीन बंद करा, एसएमपीएसचं बटण बंद, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज रिकामी करा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. एसएमपीएसची पेटी उघडायची नाही. तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

आधी फक्त बघा, टॉर्च घेऊन. पंख्यांत आणि एसएमपीएसच्या जाळीत कुंभारणीचं मातीचं घर, मुंग्यांची रांग, पालीची अंडी, कधी पालच. यात नवल वाटण्यासारखं काही नाही, कौलारू घरात हे सगळं येतंच. मदरबोर्डावरचे उभे गोल कपॅसिटर डोक्यावर सपाट आहेत का? फुगलेला किंवा तळाशी तपकिरी डाग असलेला कपॅसिटर दिसला तर दोष सापडला असं समजा. मशीन तुम्हीच जोडलेलं असेल तर मदरबोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ मोजा. बोर्डाला भोक नाही तिथे एखादा राहिला असेल तर तो मागून शॉर्ट करतो, कधी कधी बोर्ड तापून थोडा वाकल्यावरच.

आता जोडण्या. प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातला आठ पिनांचा कनेक्टर अर्धवट बसलेला असणं ही घरी जोडलेल्या मशीनमधली नेहमीची चूक आहे. मशीन चालू होतं, काम करतं आणि भार वाढला की अडकतं. चोवीस पिनांचा, आठ पिनांचा आणि ग्राफिक कार्डाचा, असे सगळे कनेक्टर काढून कट्ट आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. पिनांभोवतीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालेलं असेल तर तिथे सैल जोडणी तापतेय. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळते.

मग रॅम. किनाऱ्यालगत हा भाग सगळ्यांत जास्त लक्ष देण्यासारखा आहे. मालवणात समुद्राकडे तोंड असलेल्या एका घरातल्या मशीनमधली पट्टी काढली होती. सोनेरी दातांच्या खालच्या कडेला नखाच्या जाडीएवढा पांढुरका, धुकट पट्टा. शेजारच्या स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज आणि हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी भुकटी. सोनं गंजत नाही, पण दातांवरचा मुलामा अगदी पातळ असतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खारट ओल खालच्या निकेल-तांब्यापर्यंत जाते. शिवाय मिठाची धूळ बोर्डावर बसलेली असते. मिठाला साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाणी सुटतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ जसं ओलं होतं तसंच बोर्डावर होतं, आणि ओल्या मिठातून वीज वाहते. दुपारच्या उन्हात नीट आणि रात्री, पहाटे अडकतं, याचा उलगडा पुष्कळदा इथे होतो.

साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड. दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा. खोडरबरही चालतं असं सगळे सांगतात आणि ते काम करतंही, पण ते सोन्याचा थर थोडाथोडा घासतं आणि त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात. दुसरं काहीच नसेल तेव्हाच ते वापरा. पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे, अत्तर मिसळलेलं स्पिरिट यांतलं काहीही नको. स्लॉटमध्ये ब्लोअर लांबून मारा, आणि तो मारताना पंखे बोटाने धरून ठेवा. पूर्ण वाळू द्या. मग पट्टी दोन्ही टोकांना दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो; मदरबोर्डाच्या पुस्तिकेत बघून घ्या.

रॅमची परीक्षा

बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर तिचं नाव एक्सपो. ३६०० लिहिलेली डीडीआर४ पट्टी त्या वेगाने चालवणं हे ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणंच आहे. प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनाही ते झेपेलच असं नाही, विशेषतः चारही स्लॉट भरलेले असताना. बंद केल्यावर वेग उतरेल आणि हँग थांबलं तर खराब भाग कुठलाच नाही, फक्त वेग थोडा खाली ठेवायचा.

मग मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. एक चूक जरी लाल अक्षरात आली तरी ती चूकच, 'एकच तर आहे' असं म्हणून सोडू नका. चूक आली तर एक-एक पट्टी एकाच स्लॉटमध्ये तपासा, मग चांगली पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये. पट्टी खराब की स्लॉट, ते असंच कळतं. डीडीआर५ बोर्डावर रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा स्क्रीन यायला काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात घाबरून बंद करू नका.

डिस्क

डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींत शून्याहून जास्त आकडा आणि तो वाढतोय, तर डिस्क जातेय, आजच बॅकअप. सी७ वाढत असेल तर मात्र डिस्क बहुधा ठीक आहे आणि साटा केबल (डिस्क मदरबोर्डाला जोडणारी) खराब आहे. नवी केबल लावा, आकडा वाढायचा थांबतो. खाऱ्या हवेत ही केबल लवकर दगा देते, म्हणून एखादी जास्तीची घरात असू द्या.

एसएसडी गच्च भरलेली असेल तर ती मधेच थांबते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. पॉवर ऑप्शनमध्ये 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करून बघा. आणि एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतला स्वतःचा प्रोग्रॅम) कंपनीच्या साइटवर तपासा. क्रुशियलच्या एम४ या एसएसडीत असा दोष होता की ती एकूण ५१८४ तास चालली की प्रतिसाद देणं थांबवायची आणि त्यानंतर तासाभराने पुन्हा तेच. २०१२च्या जानेवारीत आलेल्या फर्मवेअरने तो गेला. अशा दोषात रॅम आणि एसएमपीएस बदलून काहीच हाती लागत नाही.

बायोस आणि प्रोसेसर

बायोस मूळ सेटिंगवर आणा. घड्याळ मागे पडत असेल तर सीआर२०३२ बॅटरी बदला. नवी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग बायोस अद्ययावत करा, पण लाइट जाणार नाही अशा वेळी आणि यूपीएसवरच. वादळी पावसात अजिबात नको.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना हे अत्यावश्यक आहे. त्यांतल्या अनेकांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्याने ते हळूहळू कमजोर होत होते, हे इंटेलने २०२४ साली मान्य केलं. त्यावर नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना, बायोसमधून येणाऱ्या) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असलेला बायोस टाका. आधीच कमजोर झालेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांवर २०२२ साली वेगळी तक्रार होती: मशीन दोन-चार क्षण अडखळायचं आणि पुढे चालायचं, कारण एफटीपीएम हा सुरक्षेसाठीचा भाग. एएमडीने नव्या बायोसमधून त्याचा इलाज दिला.

रिकामं असतानाच अडकणाऱ्या जुन्या रायझेनसाठी बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधा आणि ते 'टिपिकल करंट आयडल' करा. पहिल्या पिढीच्या रायझेनवर लिनक्स चालवणाऱ्यांना या एका सेटिंगने मोठा दिलासा दिला होता. इतर प्रोसेसरांवर सी-स्टेट (त्याच्या झोपेच्या अवस्था) तात्पुरत्या बंद करून हाच प्रयोग करता येतो.

तापमानाबद्दल थोडक्यात. अडकलं की 'तापत असेल' असं म्हणायची पद्धत आहे. आधुनिक प्रोसेसर तापला की वेग कमी करतो आणि अगदीच तापला तर मशीन बंद करतो. नुसता अडकून राहणं त्याच्या स्वभावात नाही. प्रोसेसरभोवतीचा व्होल्टेज देणारा भाग, एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डावर बसणारी पट्टीसारखी) आणि एसएमपीएस मात्र तापून अडकवू शकतात. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला नोंद फाइलमध्ये लिहायला लावा आणि हँगनंतर शेवटची ओळ वाचा. तिथे सगळं पन्नास-साठ अंशांवर असेल तर तापमानाचा विषय सोडून द्या.

ग्राफिक कार्ड आणि एसएमपीएस

ग्राफिक कार्ड काढा आणि मॉनिटर मदरबोर्डाच्या पोर्टला लावून काही दिवस काम करा. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक नसेल तर, इंटेलच्या 'एफ' अक्षराच्या मॉडेलमध्ये ते नसतं, कुणाचं तरी साधं कार्ड मागून आणा. कार्ड काढल्यावर थांबलं तर लगेच दोष कार्डावर ढकलू नका. कार्ड काढलं की एसएमपीएसवरचा भारही उतरतो. ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण पुसून पुन्हा टाका. मोठ्या कार्डाला एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन वेगळ्या केबली लावा.

एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४० ते १२.६० आणि ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५ एवढी सूट असते. मदरबोर्डाने दाखवलेले आकडे अंदाजापुरतेच. मल्टिमीटरने मोकळ्या मोलेक्स कनेक्टरवर (एसएमपीएसच्या चार वायरींच्या जाड टोकावर) मोजा, काळी आणि पिवळी वायर १२, काळी आणि लाल ५. भार टाकून मोजा. पण आकडे चांगले आले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, क्षणाचा खड्डा मल्टिमीटरला दिसत नाही. खात्री दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच होते. मित्राचा, दुकानदाराचा, कुणाचाही मागून आणा. पैसे घालायचेच झाले तर सगळ्यात आधी इथे घाला, आणि लेबलवर १००–२४० बघूनच घ्या.

सगळं करूनही अडकतंय

मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, एक रॅम पट्टी, एसएमपीएस, पेन ड्राइव्हवरचं लिनक्स, बस्स. असं चाललं तर एकेक भाग परत जोडत जा आणि प्रत्येक भागानंतर पुरेसा वेळ द्या. कॅबिनेटचे पुढचे यूएसबी आणि ऑडिओ शेवटी जोडा. गंजलेला पुढचा यूएसबी पोर्ट अख्खं मशीन अडकवू शकतो.

मागे कधी जवळपास वीज पडली होती का, तेही आठवा. मे अखेरीच्या वळवात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे नेटवर्क पोर्ट अर्धे जळतात: दिवा लागतो, नेट कधी चालतं, कधी मशीनच अडकवतं. बायोसमधून तो पोर्ट बंद करा आणि यूएसबीवरचं नेटवर्क अडॅप्टर लावून बघा. गडगडायला लागलं की मशीनची वायर भिंतीतून काढाच, आणि सोबत राउटरकडून येणारी नेटवर्कची वायरही.

पावसाळा आणि बंद घर

जून ते सप्टेंबर मशीन रोज तास-दोन तास चालू ठेवा; स्वतःच्या उबेने ते आतून कोरडं राहतं. बंद असताना प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल कोंडते. सुती कापड चालेल. समुद्राकडची खिडकी आणि थंड चिऱ्याची भिंत, दोन्हींपासून लांब आणि जमिनीपासून वर ठेवा.

मुंबईकरांचं घर वर्षभर बंद असतं आणि गणपतीला उघडलं की पहिल्या संध्याकाळीच संगणक लावला जातो. एक दिवस थांबा. कॅबिनेटची बाजू काढून पंख्याच्या वाऱ्यात रात्रभर ठेवा, जाळ्या आणि कुंभारणीची माती काढा, रॅमचे दात पुसा आणि मगच वीज द्या.

थांबलं असं कधी म्हणायचं

वहीतून दोन हँगमधलं सर्वांत मोठं अंतर काढा. त्याच्या तिप्पट काळ काही झालं नाही तर दुरुस्ती झाली असं धरा. चार दिवसांतून एकदा अडकणारं मशीन दोन दिवस चाललं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. आणि एक्सएमपीसारखं काही तपासापुरतं बंद केलं असेल तर ते एकेक करून परत चालू करा, प्रत्येकानंतर तेवढीच वाट बघा.

भाग वॉरंटीत बदलायचा असेल तर सेवा केंद्र बहुधा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला असतं आणि कुरिअरने जाऊन येण्यात दिवस जातात. म्हणून वहीतल्या नोंदींचा आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो सोबत पाठवा, नाहीतर 'आमच्याकडे नीट चालतं' असा शेरा मारून तोच भाग परत येतो. पाठवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि भागावरचा सिरियल नंबर त्यात स्पष्ट दिसू द्या. मदरबोर्ड पाठवताना प्रोसेसरच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण लावायला विसरू नका. वाटेत एक पिन वाकली तरी वॉरंटी नाकारली जाते, म्हणून ते झाकण मशीन जोडलं त्या दिवसापासून खोक्यात जपून ठेवलेलं असायला हवं.